जंगलाचा सातबारा

वाघ किती, पाणवठे कुठं, वणवा कुठं पेटला, कुठल्या वाटेवर महिनाभर कुणी फिरकलंच नाही... अभयारण्यांचा हा सगळा हिशेब आता डिजिटल नकाशावर मांडला जातो. पण या नकाशातले बरेचसे ठिपके कुणीतरी पायी चालून मिळवलेले असतात!

फेब्रुवारी २०१९. यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य. वन्यजीव अभ्यासकांनी एका तरुण वाघाला काही वेळ गुंगीत ठेवून त्याच्या गळ्यात पट्टा बांधला. पट्ट्यात जीपीएस यंत्र. वाघ कुठं आहे हे ते यंत्र उपग्रहांच्या मदतीनं ठरावीक वेळानं टिपणार आणि अभ्यासकांच्या संगणकावरच्या नकाशात एक ठिपका उमटणार. जून महिन्यात या पठ्ठ्यानं टिपेश्वर सोडलं आणि तो निघाला...

पुढचे नऊ महिने तो चालतच होता. शेतांमधून, नाल्यांच्या काठानं, रात्रीच्या अंधारात हमरस्ते ओलांडून. महाराष्ट्रातले अनेक जिल्हे आणि शेजारच्या तेलंगणाचा काही भाग तुडवून अखेर मार्च २०२० मध्ये तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात विसावला. एकूण मजल सुमारे ३,००० किलोमीटर! पाच हजारांहून अधिक ठिकाणी त्याची नोंद झाली होती. लोकांनी त्याचं नावच ठेवलं, 'वॉकर'.

एवढ्या प्रवासात तो किती गावांच्या शिवारातून गेला असेल, याची कल्पना करा. बहुतेक गावांना पत्ताही लागला नाही. नकाशावरचे हे ठिपके एका रेघेनं जोडले, तेव्हा मात्र एक गोष्ट लख्ख दिसली. आपण कागदावर अभयारण्याभोवती हिरवी रेघ मारतो आणि म्हणतो, हे वाघाचं घर. वाघाला ती रेघ ठाऊकच नसते!

आपल्याकडं शेतकऱ्याच्या घरात सातबाऱ्याला केवढा मान. जमीन किती, विहीर आहे का, पीक कोणतं, हक्क कुणाचा, बोजा कुणाचा, सगळं त्या एका उताऱ्यावर. उताऱ्यात चूक झाली तर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात. मग हजारो चौरस किलोमीटर पसरलेल्या जंगलाचा सातबारा कुणी लिहायचा? तो खरा आहे की खोटा, हे कुणी तपासायचं? या प्रश्नाचं उत्तर न शोधल्याची किंमत आपल्या देशानं एकदा मोजली आहे.

कागदावरचे वाघ

ठिकाण राजस्थानातलं सरिस्का. अलवरजवळचं हे व्याघ्र अभयारण्य. २००४ च्या मोजणीत इथं सोळा ते अठरा वाघ असल्याची सरकारी नोंद होती. आणि २००५ च्या सुरुवातीला बातमी फुटली की सरिस्कात वाघ दिसेनासा झालाय. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या तज्ज्ञांनी जंगल पिंजून काढलं. किती वाघ सापडले? एकही नाही! चोरट्या शिकाऱ्यांनी अख्खं जंगल रिकामं केलं होतं आणि रजिस्टरमध्ये वाघ सुखानं नांदत होते.

असं झालं कसं? त्या वेळी वाघ मोजायचे ते पंजाच्या ठशांवरून. १९६६ साली ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी ही पद्धत बसवली. मातीतल्या ठशावर काच धरून त्याची आकृती गिरवायची, प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यायचा आणि ठशांच्या फरकावरून वाघ वेगळे ओळखायचे. त्या काळात हाताशी दुसरं साधनही नव्हतं. पण माती ओली की कोरडी, वाघ सावकाश चालला की पळाला, यावर ठसा बदलतो. गिरवणाऱ्याचा हात बदलला तरी बदलतो. शिवाय आकडा घसरला की वरून जाब विचारला जाणार, ही धास्ती वेगळीच.

सरिस्काच्या धक्क्यानंतर पंतप्रधानांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं. मोजणीची पद्धत मुळापासून बदलली. जुन्या पद्धतीनं २००१-०२ साली देशात ३,६४२ वाघ मोजले होते. नव्या पद्धतीनं २००६ साली केलेल्या पाहणीचा आकडा आला १,४११! मधल्या काळात दोन हजारांवर वाघ मेले, असा याचा सरळ अर्थ नव्हे. आधीचा आकडाच भरवशाचा नव्हता.

थोडक्यात, सातबारा नव्यानं लिहायला घेतला तो तेव्हा.

ट्रेसिंग पेपरची थप्पी

हा नवा सातबारा म्हणजेच डिजिटल नकाशा. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला 'जीआयएस' म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी कल्पना अगदी सोपी आहे. शाळेत भूगोलाच्या तासाला आपण नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून नद्या गिरवायचो, आठवतंय? तसे आठ-दहा ट्रेसिंग पेपर घ्या. एकावर फक्त नद्या-नाले. दुसऱ्यावर गावं. तिसऱ्यावर रस्ते. चौथ्यावर झाडी दाट कुठं, विरळ कुठं. पाचव्यावर उन्हाळ्यातही पाणी टिकणारे पाणवठे. सहाव्यावर चितळ-सांबरांच्या नोंदी, सातव्यावर वाघाच्या. आता सगळे एकमेकांवर ठेवा आणि उजेडासमोर धरा. जे एकेका कागदावर दिसत नव्हतं ते एकदम दिसायला लागतं.

उदाहरण घ्या. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या जंगलात नाले आटतात. उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर सगळी जनावरं गोळा होतात. हे जसं वाघाला ठाऊक असतं तसंच चोरट्या शिकाऱ्यालाही. सापळे लागतात, पाण्यात विष कालवलं जातं, ते अशाच ठिकाणी. आता पाणवठ्यांच्या थरावर गस्तीच्या वाटांचा थर ठेवला तर क्षणात कळतं की अमुक पाणवठ्याकडं दहा दिवसांत कुणी गेलेलं नाही. उद्या सकाळी माणूस कुठं धाडायचा, हे साहेबाला वेगळं सांगावं लागत नाही.

यातला झाडीचा थर येतो आकाशातून. मार्च १९८८ मध्ये 'आयआरएस-१ए' हा भारताचा दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला. त्याच्यामागून आलेल्या उपग्रहांच्या छायाचित्रांवरून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था देशातल्या जंगलाचा हिशेब मांडते. या संस्थेचा पहिला अहवाल १९८७ सालचा. तेव्हा परदेशी उपग्रहाची चित्रं माणसं डोळ्यांनी निरखून जंगलाच्या सीमा आखायची. आता हे काम संगणकावर चालतं आणि चित्रातला एकेक चौकोन जमिनीवरच्या सुमारे साडेतेवीस मीटर लांबी-रुंदीचा असतो. म्हणजे एखाद्या वाड्याएवढा!

खिशातला मोबाइल, पायात बूट

उपग्रहाला झाडी दिसते. झाडीखालून गेलेला वाघ, नाल्यातला फासा, ताजी कुऱ्हाड बसलेलं सागवानाचं खोड मात्र दिसत नाही. ते दिसतं वनरक्षकाला.

२०१० सालापासून देशातल्या व्याघ्र प्रकल्पांमध्ये 'एम-स्ट्राइप्स' नावाची पद्धत आली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी ती तयार केली. आज तिचं रूप मोबाइलवरच्या ॲपचं आहे. वनरक्षक गस्तीला निघताना ॲप सुरू करतो. तो जिथून चालेल ती वाट आपोआप नोंदली जाते. वाटेत वाघाची विष्ठा दिसली, अस्वलानं पोखरलेलं वारूळ दिसलं, बेकायदा तोड किंवा फासा सापडला की जागेवर नोंद करायची, फोटो काढायचा. फोटोबरोबर वेळ आणि जागा दोन्ही टिपली जातात. जंगलात मोबाइलला रेंज नसली तरी बिघडत नाही. नोंदी फोनमध्ये साठतात, रेंजमध्ये आल्यावर पुढं जातात.

पूर्वी गस्तीच्या डायरीत 'बीट फिरलो, सर्व ठीक' एवढं लिहिलं की काम भागायचं. खरंच फिरलेल्याचं आणि चौकीत बसून लिहिणाऱ्याचं वाक्य एकसारखंच! नव्या नकाशात तसं होत नाही. जो चालला त्याची रेघ उमटते, जो चालला नाही त्याची जागा कोरी राहते. प्रामाणिक वनरक्षकाला याचं समाधान वाटावं, अशीच ही गोष्ट आहे. त्याच्या पायपिटीचा पुरावा पहिल्यांदाच त्याच्या हातात आलाय.

दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेचा पायाही हाच. प्रत्येक बीटमध्ये आधी पाच-पाच किलोमीटरच्या वाटा चालून वाघ-बिबट्यांच्या खुणा शोधायच्या. मग दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर चालत चितळ, सांबर, गवे मोजायचे. त्यानंतर नकाशावर दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून कॅमेरे बसवायचे. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, कारण वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे उजव्या अंगावरच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. माणसाच्या बोटांचे ठसे जसे वेगळे, तसे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात डॉ. उल्हास कारंत यांनी कॅमेऱ्यानं वाघ ओळखण्याचं काम १९९० च्या दशकातच सुरू केलं होतं. त्यालाच पुढं देशभर मान्यता मिळाली.

चौकट : २०२२ च्या गणनेचा पसारा
पायी पाहणी : ६,४१,४४९ किलोमीटर (म्हणजे पृथ्वीला सोळा प्रदक्षिणा!)
कॅमेरे लावलेली ठिकाणं : ३२,५८८
टिपलेली छायाचित्रं : ४ कोटी ७० लाखांवर
त्यातली वाघांची : ९७,३९९
पट्ट्यांवरून वेगवेगळे ओळखलेले वाघ : ३,०८०
देशातल्या वाघांचा सरासरी अंदाज : ३,६८२
महाराष्ट्रातले वाघ : ४४४

वणव्याची खबर

महाराष्ट्रातल्या वनखात्याचा सगळ्यात धाकधुकीचा काळ म्हणजे १५ फेब्रुवारी ते १५ जून. वणव्याचा हंगाम. आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलात आग सहसा आपोआप लागत नाही. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावली जाते, कुणी विडी विझवायची विसरतो. वारा सुटला की ती आग हाताबाहेर जाते.

पूर्वी कुणीतरी डोंगरावरून धूर पाहायचा, धावत चौकीवर यायचा आणि तोवर अर्धा डोंगर काळा झालेला असायचा. २००४ सालापासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या मदतीनं आगीवर नजर ठेवते. उपग्रह डोक्यावरून जाताना जमिनीवरची अचानक वाढलेली उष्णता टिपतो. तो ठिपका वनखात्याच्या नकाशावर ठेवला की कुठला जिल्हा, कुठली रेंज, कुठलं बीट हे कळतं आणि संबंधितांच्या मोबाइलवर संदेश जातो. सामान्य नागरिकालाही नाव नोंदवून हे संदेश मिळवता येतात.

पण हे उपग्रह एका जागेवरून दिवसातून काहीच वेळा जातात. लहानशी आग त्यांच्या नजरेतून सुटते. आणि संदेश आला तरी पाण्याच्या पिचकाऱ्या आकाशातून येत नाहीत! हातात झाडाच्या फांद्या घेऊन ज्वाळांवर झोडपणारी माणसंच आग विझवतात. नकाशानं फक्त त्यांचे दोन-तीन तास वाचतात. वणव्यात ते दोन-तीन तासच मोलाचे असतात.

रस्त्याखालून गेलेले अकरा वाघ

नकाशाचा सगळ्यात बोलका उपयोग पाहायचा असेल तर नागपूरहून सिवनीकडं जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जा. हा रस्ता पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळून जंगल कापत जातो. इथलं जंगल म्हणजे पेंच आणि कान्हा या दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणारी वाट. वाघांच्या ये-जा करण्याच्या अशा ३२ मोठ्या वाटा २०१४ साली देशाच्या नकाशावर आखण्यात आल्या. त्यांना 'कॉरिडॉर' म्हणतात. या वाटा तुटल्या तर एकेका जंगलातले वाघ तिथंच कोंडले जातात, नात्यातल्या नात्यात संबंध होऊन पुढची पिढी दुबळी होते.

रस्ता चौपदरी करायचं ठरलं तेव्हा मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. अखेर तोडगा निघाला तो असा की जनावरं जिथून रस्ता ओलांडतात तिथं रस्ताच खांबांवर उचलायचा. पण जागा कुठल्या? इथं कामी आल्या त्या वर्षानुवर्षांच्या नोंदी. महाराष्ट्राच्या हद्दीत असे नऊ पूल आणि भुयारी मार्ग झाले. त्यातला सर्वांत लांब ७५० मीटरचा.

कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेल्या या पुलांखालून जनावरं जाणार का, अशी शंका अनेकांना होती. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१९ साली पुलांखाली कॅमेरे लावले. १८ जातींच्या वन्यप्राण्यांची साडेपाच हजारांच्या आसपास छायाचित्रं मिळाली. वाघ ८९ वेळा टिपला गेला, आणि पट्टे ताडून पाहिले तर वेगवेगळे वाघ होते अकरा! वर ट्रक धडधडत होते आणि खालून वाघ आपल्या वाटेनं जात होता.

नकाशालाही चकवा बसतो

इतकं सगळं वाचल्यावर वाटेल, चला, आता संगणकच जंगल सांभाळेल. इथंच सावध व्हायला हवं. नकाशा त्याला शिकवलं तेवढंच सांगतो.

देशाच्या अहवालात 'वनाच्छादन' कशाला म्हणायचं याची व्याख्या ठरलेली आहे. एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा आणि दहा टक्क्यांहून जास्त झाडांची सावली. मालकी कुणाची आणि झाडं कसली, हा प्रश्न नाही. त्यामुळं कोकणातली आमराई आणि ताडोबातलं घनदाट रान एकाच रकान्यात बसू शकतं! २०२३ च्या अहवालात देशाचं वनाच्छादन २१.७६ टक्के आहे. आकडा वाचताना ही व्याख्या ध्यानात ठेवलेली बरी.

उलट गोष्ट माळरानाची. सोलापूरकडच्या उघड्या माळावर झाडं नाहीत, म्हणून कागदोपत्री अशा जमिनी 'पडीक' ठरत आल्या. प्रत्यक्षात त्याच गवतात लांडगा, काळवीट आणि नामशेष व्हायच्या बेतात असलेला माळढोक यांचा संसार. त्या माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर! गावं, शहरं, हमरस्ते, खासगी शेतं सगळं त्यात. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि ज्या पक्ष्याला लोकांनी जपायचं, त्याच्यावरच लोकांचा राग निघू लागला. २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. मधली तीस वर्षं हातची गेली. रेघ चुकीची पडली की पक्षी आणि माणूस दोघंही भरडले जातात, ते असे.

रेघेचा हाच प्रश्न वनहक्कांतही येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उपग्रहाच्या चित्रात एखादं शेत दिसत नाही म्हणून कुणाचा दावा फेटाळायचा का? २०१२ साली सुधारलेल्या नियमांत याचं उत्तर आहे. उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावाच मानला जातो. म्हातारबाबांची आठवण आणि आकाशातला डोळा, दोघांची साक्ष घ्यायची. सातबारा त्यानंतर लिहायचा.

आणखी एक. नकाशा कितीही खरा असला तरी तो वाचणारा हवा. सरिस्कातून वाघ गेल्यावर चारच वर्षांत मध्य प्रदेशातल्या पन्नामध्ये तेच घडलं. अभ्यासकांनी आधीच धोक्याचे इशारे दिले होते. ते मनावर घेतले गेले नाहीत. २००९ साली पन्नाही रिकामं झालं. पुढं दोन्ही ठिकाणी दुसरीकडून वाघ आणून सोडावे लागले. आज तिथं पुन्हा डरकाळ्या ऐकू येतात हे खरं, पण त्यासाठी किती यातायात करावी लागली!

एका ठिपक्याची किंमत

२० नोव्हेंबर २०२१. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. व्याघ्रगणनेच्या पाहणीसाठी एक तरुण महिला वनरक्षक मदतनीसांना घेऊन सकाळी पायी निघाली. ठरलेली वाट चालायची, खुणा शोधायच्या, नोंदी करायच्या. वाटेत पुढं एक वाघीण बसलेली दिसली. ही मंडळी थांबली, वाट पाहिली आणि मग वळसा घालून झाडीतून पुढं निघाली. वाघिणीनं हल्ला केला. त्यात या वनरक्षकाचा मृत्यू झाला. त्यानंतर ताडोबातली पायी पाहणी काही काळ थांबवण्यात आली.

काही महिन्यांनी गणना पूर्ण झाली, आकडे आले, वाघ वाढल्याच्या बातम्या छापून आल्या. आपण त्या चहाच्या घोटाबरोबर वाचल्या आणि आनंदलो. आनंदाचीच गोष्ट होती. पण ३,६८२ हा आकडा ज्या सहा लाख एकेचाळीस हजार किलोमीटरच्या पायपिटीतून आला, त्यात त्या सकाळची अर्धवट राहिलेली वाटही आहे.

पुढच्या वेळी जंगल सफारीला गेलात तर वाघ दिसेल की नाही, सांगता येत नाही. चौकीपाशी खाकी गणवेशातली एखादी मुलगी किंवा मुलगा मात्र नक्की भेटेल. खिशात मोबाइल, खांद्याला पाण्याची बाटली, पायात धुळीनं माखलेले बूट. थांबून त्यांच्याशी दोन शब्द बोला. मुलांनाही सांगा... जंगलाचा सातबारा लिहिणारे ते हेच!